नागपूरच्या थंडीत जास्वंद: गारठा येतो कुठून, अडवायचा कुठे

पेपरात बातमी येते, ‘नागपूरचा पारा ७ अंशांवर’. त्याच रात्री तुमच्या अंगणातल्या जास्वंदीच्या शेंड्याचं पान मात्र ७ अंशांवर नसतं. ते ५ वर असेल, ४ वर असेल, उघड्या गच्चीवरच्या कुंडीतलं असेल तर त्याहूनही खाली. सोनेगावला विमानतळाजवळ हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर. पेटीला वर छप्पर असतं. तापमापकाने फक्त हवेचं तापमान मोजावं, म्हणून त्याला मुद्दाम आकाशापासून झाकलेलं असतं. तुमच्या जास्वंदीच्या डोक्यावर असं काही नाही. एवढा फरक नीट लक्षात आला की हिवाळ्यात झाडासाठी काय करायचं आणि काय करायचं नाही, यातलं बहुतेक आपसूक कळतं.

जास्वंद मूळची उबदार, दमट हवेतली. पानगळ करून थंडी काढणं तिला जमत नाही. तापमान १० अंशांच्या खाली गेलं की तिची वाढ जवळपास थांबते, कळ्या फुगत नाहीत, काही पिवळ्या पडून गळतात. तरीही महालातल्या जुन्या वाड्यांपासून बेसा-मनीषनगरच्या नव्या लेआउटपर्यंत प्रत्येक अंगणात ती असतेच, कारण सकाळी गणपतीला लाल फूल लागतं. डिसेंबरात घरचं फूल मिळेनासं झालं, की लोक काळजीने झाडावर उपचार सुरू करतात. माझं मत विचाराल तर नागपुरात हिवाळ्यात गेलेल्या जास्वंदींपैकी बऱ्याचशा गारठ्यापेक्षा या उपचारांनी जातात. पण आधी गारठ्याचं बघू.

थंडी किती आणि कधी

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं सरासरी किमान तापमान १२-१३ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी पारा २८ पर्यंत चढतो. एवढ्या दुपारच्या उन्हाने माती रोज तापते, म्हणून उत्तरेतल्यासारखी इथली जमीन आठवडेच्या आठवडे गार पडून राहत नाही. खरा धोका असतो तो हंगामातल्या मोजक्या रात्रींचा. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त घसरलं, की हवामान खातं त्याला थंडीची लाट म्हणतं. नागपूरच्या हिशेबात म्हणजे साधारण ८ अंश आणि त्याखाली. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती, शहराच्या नोंदींमधली सर्वात कमी. गोंदियाचा पारा तर अनेकदा नागपूरच्याही खाली असतो.

अशा रात्री अचानक उगवत नाहीत. उत्तरेत पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारं पाऊस-बर्फाचं वादळी हवामान, येऊन जातो, हिमालयात बर्फ पडतं, मग आभाळ निवळतं आणि तिकडची कोरडी, गार हवा मध्य भारतात उतरते. पहिले एक-दोन दिवस वारा असतो, तो बोचतो, आपण स्वेटर काढतो आणि समजतो की हीच सर्वात वाईट वेळ. झाडाच्या दृष्टीने त्यानंतरच्या रात्री जास्त वाईट असतात, कारण तेव्हा वारा पडलेला असतो.

पानाची ऊब जाते कुठे

प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते. पान, दगड, भिंत, आपण, सगळेच. दिवसा सूर्याकडून येणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा खूप जास्त असते, म्हणून सगळं तापतं. रात्री येणं थांबतं, जाणं मात्र चालूच राहतं. आकाशात ढग असतील तर ते पानाकडून वर गेलेली उष्णता शोषतात आणि बरीचशी परत खाली पाठवतात. आभाळ कोरं आणि हवा कोरडी असेल तर परत येणारं फार थोडं असतं. पान पातळ, त्याच्याकडे साठा नाही, म्हणून ते झपाट्याने गार होतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंशांनी खाली जातं. वारा असला तर हवा ढवळली जाते, वरची थोडी उबदार हवा खाली येत राहते आणि पानाला हवेइतकं तरी ठेवते. वारा पडला की तीही मदत संपली.

हे तपासायला कुठलं उपकरण नको. रात्रभर अंगणात उघड्यावर लावलेल्या गाडीची सीट सकाळी ओलीचिंब असते. तीच गाडी दोन हात आत, पोर्चखाली लावली तर सीट कोरडी. हवा दोन्हीकडे सारखीच होती. उघड्यावरची सीट आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा गार झाली, म्हणून तिच्यावर दंव धरलं.

त्यामुळे कुंडी कुठे ठेवायची याचा निर्णय घेताना वारा कुठून येतो हे बघण्याआधी मान वर करून बघा. झाडाच्या जागेवर उभं राहिल्यावर किती आकाश दिसतं? पोर्च, बाल्कनीचा स्लॅब, आंब्याची किंवा कडुनिंबाची फांदी, काहीही डोक्यावर असलं तरी झाड जी उष्णता वर टाकतं त्यातली बरीच त्याला परत मिळते, कारण स्लॅब आणि फांदी कोऱ्या आकाशापेक्षा पुष्कळ उबदार असतात. दक्षिण किंवा पश्चिमेला तोंड असलेली विटांची भिंत तर आणखी चांगली. तिने दुपारभर ऊन खाल्लेलं असतं आणि मध्यरात्रीनंतरही ती ते थोडं थोडं सोडत असते.

गच्ची ही सर्वात वाईट जागा, आणि नेमक्या तिथेच आपल्या कुंड्या. गच्चीवरून हलवता येत नसतील तर निदान कठड्याच्या आतल्या बाजूला, एकमेकींना खेटून ठेवा. कठडा निम्मं आकाश झाकतो आणि कुंड्या एकमेकींची माती उबदार ठेवतात. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची झाकलेली बाल्कनी अंगणापेक्षाही बरी, कारण शांत रात्री गार, जड हवा जमिनीलगत साचते आणि थोडं वर गेलं की हवा जरा उबदार लागते. याच कारणाने नाल्याकाठच्या, सखल प्लॉटवरच्या बागेला गारठा जास्त लागतो. इतवारी-महालाची दाट वस्ती रात्री ऊब धरून ठेवते, हुडकेश्वरपलीकडच्या शेतांना लागून असलेल्या मोकळ्या लेआउटमध्ये तसं होत नाही. शहरातल्या नातेवाइकाची जास्वंद फुलते आहे आणि तुमची नाही, यात तुमच्या हाताचा काही दोष नाही.

झाकायचं तर कसं

जमिनीत लावलेलं झाड हलवता येत नाही, त्याला झाकावं लागतं. जुनी चादर, धोतर, सुती साडी, तागाचं बारदान, काहीही चालेल. फक्त कापडाची कड जमिनीपर्यंत आली पाहिजे आणि तिथे विटा ठेवून दाबली पाहिजे. याचं कारण असं की रात्री झाडाला ऊब पुरवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खालची माती. दिवसभर तापलेली माती रात्री उष्णता वर सोडते आणि कापड ती उष्णता झाडाभोवती अडवून धरतं. बरेच जण चादर झाडाच्या डोक्यावर टाकून तिची टोकं बुंध्याला बांधून टाकतात. तसं केलं की मातीची ऊब बाहेरच राहते आणि गाठीच्या वरचं झाड आपल्या जोरावर रात्र काढतं.

प्लास्टिकचा कागद वापरू नका. त्यातून वारा जात नाही म्हणून तो जास्त उबदार वाटतो, पण साध्या पॉलिथिनमधून पानाची ही अदृश्य उष्णता बरीचशी आरपार निघून जाते. शिवाय ज्या पानांना तो चिकटतो ती पानं कागदाइतकीच गार होतात, आणि सकाळी काढायला उशीर झाला तर आत उकडतं. घरात दुसरं काहीच नसेल तर चार काठ्या रोवून, पानांना न टेकवता, वरून एक चादर टाकून मगच प्लास्टिक. ग्रीन नेट बहुतेकांच्या घरी उन्हाळ्यासाठी असते. ती एकेरी असेल तर तिचा उपयोग थोडा, दुहेरी-तिहेरी घडी करून डोक्यावर ताणली तर बरा.

कापड संध्याकाळी ऊन जायच्या सुमाराला टाकायचं. रात्री दहाला आठवण होऊन टाकलं तर तोवर मातीने आपली बरीच ऊब आकाशाला देऊन टाकलेली असते. सकाळी ऊन अंगणात नीट आलं की काढायचं, नाहीतर माती तापणार नाही आणि पुढच्या रात्री झाकून अडवायला काही उरणार नाही. रोज हा खटाटोप करायचाही नाही. किमान तापमान १० च्या वर राहणार असेल तर झाड उघडंच राहू द्या, थोडा गारवा सवयीचा झाला की पुढचा गारठा ते जास्त बरा सोसतं.

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या नव्या बागांसाठी याहून जुनी आणि शहाणी युक्ती आहे. कोवळ्या कलमांभोवती पऱ्हाट्या किंवा तुराट्या रोवून वर तणसाचं छोटं छप्पर करायचं आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवायची. छप्पर आकाश झाकतं, तीन बाजू उत्तरेचा वारा अडवतात आणि उघड्या बाजूने सकाळचं-दुपारचं ऊन आत येऊन माती तापवतं. हे रोज काढाघाला करावं लागत नाही. नुकत्याच लावलेल्या लहान जास्वंदीला मी चादरीपेक्षा हेच सुचवेन, दिसायला जरा गावरान दिसलं तरी.

शेकोटीबद्दल एक शब्द. बागेत धूर केला की गारठा जातो, असं सर्रास सांगतात. विस्तवाच्या उष्णतेने हवा थोडी ढवळते, तेवढाच फायदा. धूर स्वतः पानाची उष्णता फारशी अडवत नाही. शांत थंड रात्री शहरात तो धूर वर जातच नाही, शेजाऱ्यांच्या खिडकीत बसतो. पानं जाळण्यापेक्षा ती खड्ड्यात टाका.

माती, पाणी आणि मुळं

आता खऱ्या गोष्टीकडे. दरवर्षी जानेवारीत कुणी ना कुणी सांगतं, “भाऊ, रोज पानी देऊन राह्यलो, तरी झाड सुकूनच राह्यलं.” त्यातला ‘तरी’ बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतो.

थंड मातीत मुळांना पाणी ओढायला जास्त कष्ट पडतात. गार झालेलं पाणी थोडं दाट होतं, ते मातीच्या बारीक फटींतून हळू सरकतं, आणि मुळांच्या पेशींच्या आवरणातून आत शिरण्याचे मार्गही थंडीत मंदावतात. दुपारी मात्र २८ अंशांचं कोरडं ऊन असतं, पानं पाणी बाहेर टाकत असतात. खालून येणं कमी, वरून जाणं चालू, म्हणून ओल्या मातीतही पानं मान टाकतात. माणूस बघतो, पाणी कमी पडलं समजतो आणि आणखी एक बादली ओततो. माती आणखी गार होते. पाण्याने मातीतली हवेची जागा भरली की मुळांना श्वास घ्यायला हवा उरत नाही, ती काळी पडून कुजतात. मग खरोखरच पाणी ओढायला कुणी उरत नाही आणि पानं अधिकच सुकतात.

नागपूरची काळी, भारी जमीन यात भर घालते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि मग पाणी खाली जाऊच देत नाही. मुरमाची हलकी जमीन असलेल्यांना हा त्रास कमी. आणखी एक गोष्ट नर्सरीतून आणलेल्या झाडांची. रंगीबेरंगी हायब्रिड जास्वंदी पुष्कळदा आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणच्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात, लाल मातीच्या किंवा कोकोपीटच्या गड्ड्यात. तो गड्डा जसाच्या तसा काळ्या मातीच्या खड्ड्यात बसवला की दोन मातींची चाल जुळत नाही. गड्डा पटकन पाणी घेतो, भोवतालची काळी माती ते पुढे जाऊ देत नाही आणि मुळं पाण्यात उभी राहतात. पावसाळ्यानंतर लावलेलं असं झाड पहिल्या थंडीत गेलं तर त्याचा दोष थंडीवर येतो. डिसेंबरात नवी जास्वंद जमिनीत लावू नका, नर्सरीवाला कितीही आग्रह करो. कुंडीतच ठेवा, फेब्रुवारीत लावा.

मग पाणी द्यायचं किती? वार ठरवून देण्यापेक्षा बोट घालून बघा. वरची दोन बोटं माती कोरडी आणि खाली किंचित ओल लागली तर थांबा, खालीही कोरडं लागलं तर द्या. हिवाळ्यात काळ्या मातीतल्या मोठ्या झाडाला आठ-दहा दिवस लागत नाही, कुंडीला तीन-चार दिवस. मातीची कुंडी चारी बाजूंनी पाणी उडवते, त्यामुळे ती लवकर सुकते आणि प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा गारही होते. प्लास्टिकची कुंडी उलट पाणी धरून ठेवते. दोघींना एकाच मापाने पाणी घातलं तर एकीचं नुकसान ठरलेलं. कुंडीखालच्या ताटल्या या दोन महिन्यांत काढून ठेवा.

वेळ सकाळी दहा-अकराची. पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात आखडतील असं गार असतं, ते मुळांवर ओतू नका. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, कारण खोल जमिनीचं तापमान वर्षभराच्या सरासरीच्या जवळ राहतं, आणि नागपूरची ती सरासरी २६-२७ अंशांच्या घरात आहे. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी जास्वंदीला तेच द्यावं.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. थंडीची लाट येणार असं कळलं आणि माती कोरडी असेल, तर आदल्या दिवशी सकाळी पाणी द्यायचं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा कितीतरी जास्त उष्णता साठवते आणि रात्री खालच्या थरातली ऊब वर पोचवतेही लवकर. कोरडी माती म्हणजे निम्मी हवा, ती उष्णता पुढे जाऊच देत नाही. शिवाय कोरड्या काळ्या मातीला भेगा पडतात आणि त्या भेगांतून गार हवा थेट मुळांपर्यंत उतरते. तेव्हा भेगा दिसल्या की खुरप्याने वरची माती हलवून त्या बुजवा. लाटेआधीचं पाणी आणि रोजचं पाणी यांत गल्लत मात्र करू नका. एकदा, दिवसा, माती वीतभर ओली होईल इतकंच.

याच हिशेबाने बुंध्याशी पसरायच्या तणसाचा किंवा कुटाराचा विचार करा. आच्छादन मुळांना सांभाळतं, भेगा पडू देत नाही, आणि कुंडीत ते हवंच. पण जमिनीवर जाड थर दिला तर दिवसा ऊन मातीपर्यंत पोचत नाही आणि रात्री मातीची ऊब पानांपर्यंत येत नाही. म्हणजे मुळं उबदार राहतात आणि शेंडे गारठतात. उघड्यावरच्या लहान झाडाला थर पातळ ठेवावा आणि लाटेच्या दिवसांत सकाळी बाजूला सारून माती उन्हाला दाखवावी. मोठ्या, जुन्या झाडाला एवढं करायची गरज नाही.

थंडीत पेशीला नेमकं होतं काय

नागपुरात पाणी गोठण्याइतका गारठा सहसा पडत नाही, तरी पानं का जातात? पेशीभोवती जे पातळ आवरण असतं ते स्निग्ध पदार्थांचं असतं. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि शेजारची जवसाच्या तेलाची बाटली पातळच राहते, तोच प्रकार इथे. गहू, हरभरा, मोहरी यांच्या पेशींचं आवरण थंडीत जवसाच्या तेलासारखं प्रवाही राहतं. जास्वंदीचं आवरण गारठ्यात कडक होतं, त्यातून आतले क्षार आणि पाणी बाहेर झिरपतं, आणि पानावर आधी पाणथळ, मग तपकिरी डाग पडतात.

दुसरा घाव सकाळी बसतो. पानातलं हरितद्रव्य थंडीतही ऊन पकडतंच, कारण ते काम तापमानावर अवलंबून नाही. त्या उन्हापासून साखर बनवणारी पुढची यंत्रणा मात्र गारठ्याने मंद असते. पकडलेली ऊर्जा वापरायला कुणी नसतं, ती पानातच मोडतोड करते, पान फिकट पडतं. म्हणून कडक थंडीच्या रात्रीनंतर पूर्वेकडून थेट कोवळं ऊन अंगावर घेणाऱ्या झाडाचे डाग जास्त दिसतात, आणि तासाभराने ऊन मिळणारं झाड बरं राहतं. सकाळी सातला उठून चादर ओढून काढायची घाई नको, ती याचसाठी. उन्हाने कापड आणि आतली हवा कोमट झाली की काढा.

हात आवरायचे ते इथे

फुलं बंद झाली की खत घालावंसं वाटतं. थंड मातीत खताचं रूपांतर करणारे जिवाणूही मंद असतात, मुळं मंद असतात, खत पडून राहतं. जे थोडं आत जातं त्याने कोवळी, पाणीदार पालवी फुटते आणि पुढच्या लाटेत तीच आधी काळी पडते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर युरिया, शेणखताची स्लरी, ढेप वगैरे सगळं बंद.

छाटणीचंही तेच. छाटलं की फुटवे येतात, आणि वरची जुनी पानं गेली की आतल्या फांद्यांवरचं छप्पर गेलं. दिसायला वाईट दिसणारी डागाळलेली पानं तशीच राहू द्या, त्यांच्याखाली पुढच्या फुटव्यांचे डोळे सुरक्षित असतात.

घोटाळा होतो तो गुलाबामुळे. गुलाबाची छाटणी नागपुरात ऑक्टोबरात करतात, खत घालतात, आणि दीड-दोन महिन्यांनी ऐन थंडीत तो वर्षातली सर्वात सुंदर फुलं देतो. एकाच बागेत गुलाबाशेजारी जास्वंद असते, माळीदादा कात्री घेऊन आलेलेच असतात, आणि जास्वंदीलाही तोच न्याय मिळतो. गुलाबाला हा गारवा मानवतो. शेवंती, कुंद, कोरांटी यांनाही. मोगऱ्याची तऱ्हा तिसरीच. त्याचं पाणी डिसेंबरात तोडायचं, पानं झडू द्यायची, जानेवारीच्या शेवटी छाटायचं, मग उन्हाळ्यात तो बहरतो. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी शेतकरी याच दिवसांत बागेला ताण देतात, पाणी बंद ठेवतात, आणि नंतर पाणी सोडलं की फूल फुटतं. बोगनवेललाही कोरडं राहणं आवडतं. चाफ्याने पानं टाकली असतील तर त्याला पाणी जवळपास नकोच, त्याच्या मांसल फांद्या ओल्या थंडीत कुजतात. जास्वंदीला मात्र असा ताण देऊ नका. तिला कमी पाणी हवं, बंद नको.

पिवळं पान बघून काय समजायचं

खालची, जुनी पानं एकेक करून पिवळी पडून गळत असतील तर ती हिवाळ्याची नेहमीची गळ आहे, सोडून द्या. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतं आहे. काळ्या मातीत चुना असतो, लोह असूनही झाडाला मिळत नाही, आणि गार, ओली मुळं ते आणखी कमी घेतात. आधी पाणी कमी करा. फेब्रुवारीतही पानं तशीच राहिली तर लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून दुपार कलल्यावर पानांवर फवारा. ते जमिनीत घालून फारसा उपयोग नाही, चुना ते लगेच अडकवून टाकतो. मातीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड आयर्न, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, घ्या आणि पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं आहे का ते बघा. ईडीटीए हा त्याचा दुसरा प्रकार आपल्या मातीत टिकत नाही.

कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर एक चिरून बघा. आत बारीक अळी दिसली तर थंडीचा संबंध नाही, गळलेल्या कळ्या गोळा करून बागेबाहेर टाका. आत काही नसेल तर गारवा किंवा पाणी, दोन्हींपैकी एक. शेंड्याला पांढरा कापूस आणि खाली मुंग्यांची रांग म्हणजे पिठ्या ढेकूण. तो थंडीतही थांबत नाही. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात पुसून काढा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणात फेटून फवारा, उबदार दिवशी, आणि पानं रात्रीआधी सुकतील अशा वेळी.

लाटेनंतर फांद्या काळ्या दिसल्या तर झाड मेलं म्हणून उपटू नका. नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर थोडं खाली खरवडा. कधी कधी जमिनीपासून वीतभरच हिरवं सापडतं आणि तेवढ्यावरून देशी लाल जास्वंद पुन्हा कमरेएवढी होते. कलम केलेल्या हायब्रिडमध्ये मात्र हे हिरवं कलमाच्या जोडाच्या वर आहे का ते बघा. खालून फुटलं तर फूल वेगळं येईल.

कात्री काढायची ती महाशिवरात्रीच्या आसपास. तोवर नागपुरात रात्री सहसा १५ च्या वर सरकलेल्या असतात. हिरवं लागेपर्यंत वाळकं काढा, आडव्यातिडव्या फांद्या कमी करा, एकूण झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. खत लगेच नाही, नवी पालवी बोटभर झाल्यावर घाला. विदर्भात फेब्रुवारी-मार्चात गारपीट होते, त्यामुळे चादर आणि काठ्या इतक्यात माळ्यावर टाकू नका. सावलीत ठेवलेल्या कुंड्या बाहेर काढतानाही एकदम दुपारच्या उन्हात नेऊन ठेवू नका. आठवडाभर फक्त सकाळचं ऊन, मग पुढे. मार्चच्या मध्यापासून ऊन इतकं तापतं की दोन महिने पोर्चखाली राहिलेली पानं एका दुपारीत करपतात, आणि तेव्हा ग्रीन नेट एकेरीच, पण दिवसा लागते.